आजीचे इंजेक्शन आणि नातीचे हाड



जमाखर्च, ताळेबंद आणि विभागवार कामाचा आढावा या अहवालाच्या इतर पानांवर आपणांस वाचावयास मिळेलच. त्याच्या जोडीला एखादा वैद्यकीय विषय सर्वसामान्य वाचकांस समजेल अशा भाषेत मांडण्याचा आमचा प्रघात आहे. या वेळचा विषय आम्ही निवडला असे म्हणण्यापेक्षा तो आमच्यापुढे आपणहून चालत आला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

दौंड तालुक्यातील एक गृहस्थ आपल्या लहान मुलीस घेऊन आमच्या अस्थिरोग विभागात आले. मुलीचा हात मोडला होता. याआधी दोन वेळा तिच्या पायाला प्लास्टर घालावे लागले होते, आणि तेही फार मोठ्या पडण्यामुळे नव्हे. याच घरातील आजींना खुब्याचे हाड मोडल्यानंतर, वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे हाडांच्या ठिसूळपणावरील इंजेक्शन आमच्याकडेच सुरू झाले होते, आणि आजी आता काठीच्या आधाराने देवळापर्यंत जाऊन येत होत्या. गृहस्थांचा प्रश्न सरळ होता. "आईचं हाड ज्यानं टिकलं, ते पोरीला का देत नाही, साहेब? पैशाचं म्हणत असाल तर भरतो आम्ही."

योगायोग असा की, त्याच सुमारास एका हितचिंतकांनी हाडे बळकट करणाऱ्या इंजेक्शनांसाठी, वयाची कोणतीही अट न घालता, निधी देण्याची तयारी दर्शविली होती. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमच्या हिशेबी मनाला दोन्ही गोष्टी एकमेकींत चपखल बसणाऱ्या वाटल्या. औषध तेच, गरजू मूल समोर, निधी हाताशी. मात्रा तेवढी वजनाच्या प्रमाणात कमी करावी, म्हणजे झाले. परंतु अस्थिरोग आणि बालरोग या दोन्ही विभागांच्या डॉक्टरांनी नकार दिला. तो नकार आम्हांस प्रारंभी आडमुठेपणाचा वाटला, हे कबूल केले पाहिजे. त्यामागील कारण समजून घेण्यासाठी आम्ही त्यांच्याजवळ बसलो, त्यांनी काढून दिलेले वाचले, आणि जे आकळले ते येथे मांडत आहोत.

हाड म्हणजे शरीरातील दगडी खांब अशी आपली समजूत असते. वस्तुतः हाड हे चालू खाते आहे. त्यात दोन प्रकारच्या पेशी अहोरात्र काम करीत असतात. एक प्रकार जुने हाड विरघळवून काढून टाकतो. त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. आपण त्यांना हाड पोखरणाऱ्या पेशी म्हणू. दुसरा प्रकार त्या जागी नवे हाड घालतो. त्या हाड बांधणाऱ्या पेशी. तरुणपणी जमा आणि खर्च यांचा मेळ बसतो. स्त्रीची पाळी बंद झाल्यावर, आणि पुढे उतारवयात सर्वांच्याच बाबतीत, खर्चाची बाजू वाढत जाते. वर्षानुवर्षांच्या या तुटीमुळे हाड आतून विरळ होत जाते, आणि मग न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त पुरते.

आजींना दिलेले झोलेड्रॉनिक ॲसिड, किंवा आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यावयाची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी, ही औषधे बिस्फॉस्फोनेट या एकाच कुळातील. यांचा उगम मोठा गमतीचा आहे. आपल्या शिरूर-दौंड भागातील बोअरचे जड पाणी आणि गीझरच्या कॉइलवर बसणारा क्षारांचा पांढरा थर सर्वांच्या परिचयाचा आहे. हा थर बसू नये म्हणून धुण्याच्या पावडरीत आणि कारखान्यांच्या पाण्यात फॉस्फेटच्या जातीची काही रसायने वापरली जात. हर्बर्ट फ्लाइश या स्वित्झर्लंडमधील संशोधकांच्या ध्यानात आले की, याच जातीचा पायरोफॉस्फेट नावाचा एक पदार्थ मनुष्याच्या रक्तात व लघवीत निसर्गतःच असतो, आणि तोही क्षारांचे थर जमू देत नाही. परंतु तो शरीरात लगेच मोडून जातो. तेव्हा त्याच्यासारखाच, पण न मोडणारा पदार्थ शोधता शोधता ते, त्यांचे सहकारी ग्रॅहॅम रसेल आणि अमेरिकेतील साबण-पावडरी बनविणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ बिस्फॉस्फोनेटांपर्यंत पोहोचले. १९६९ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्षार जमू न देणारे हे पदार्थ हाडाचे विरघळणेही रोखतात, ही त्यांतील अनपेक्षित गोष्ट होती. हे औषध हाडातील खनिजाला घट्ट चिकटून राहते. पोखरणारी पेशी हाड खावयास आली की औषध तिच्या पोटात जाते आणि ती निकामी होते. म्हणजे खर्चाच्या बाजूला कुलूप लागते. अ‍ॅलेन्ड्रोनेटला ठिसूळ हाडांसाठी अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली, आणि त्यानंतर जगभर असंख्य वृद्धांचे खुबे व मणके या औषधांनी वाचविले आहेत.

येथपर्यंत आमच्या हिशेबात काही चूक नव्हती. चूक होती ती लहान मुलाच्या खात्यातील खर्चालाही तूट समजण्यात.

मुलाच्या मांडीचे हाड वाढते, ते रबरासारखे ताणले जाऊन नव्हे. हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. कूर्चा म्हणजे कानाच्या वरच्या भागात बोटांना लागतो तो लवचिक पदार्थ. ही चकती सतत नवी कूर्चा तयार करीत पुढे सरकते. मागे राहिलेल्या कूर्चेत क्षार भरतात. मग रक्तवाहिन्या आणि पोखरणाऱ्या पेशी तेथे शिरून ती बरीचशी काढून टाकतात, आणि रिकाम्या झालेल्या जागी खरे हाड बांधले जाते. एवढ्यावर काम संपत नाही. हाडाचे टोक नरसाळ्यासारखे रुंद आणि मधला दांडा निमुळता असतो. मूल वाढू लागले की आज जे रुंद टोक आहे तो उद्या दांड्याचा भाग होणार. म्हणून त्याच्या कडा बाहेरून तासून काढाव्या लागतात. आत मज्जेची पोकळी मोठी करावी लागते. जबड्यात दात वर येण्यासाठी त्याच्या डोक्यावरचे हाड खाऊन वाट मोकळी करावी लागते. ही सारी कामे पोखरणाऱ्या पेशींची आहेत. आमच्या बाह्यरुग्ण विभागाचा विस्तार करताना जुनी भिंत पाडावी लागली होती, तेव्हा पाडकामाचे बिल पाहून एका विश्वस्तांनी "बांधायला पैसे मागता, की मोडायला?" असे मिश्कीलपणे विचारले होते. मुलाच्या हाडात हे पाडकाम रोजचेच असते, आणि त्याच्याशिवाय बांधकाम पुढे सरकत नाही.

हे पाडकाम औषधाने थांबविले तर काय होईल, याचे उत्तर प्रथम वाढत्या वयाच्या उंदरांनी दिले. १९७३ साली रॉबर्ट शेंक यांनी फ्लाइश व रसेल यांच्यासमवेत लहान उंदरांच्या नडगीच्या हाडाचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्लोड्रोनेट या औषधाने वाढीच्या चकतीखालची क्षारयुक्त कूर्चा आणि कोवळे हाड काढून टाकले जाईना. ते तेथेच साठत गेले. हाडाचे टोक तासले न गेल्याने दांड्याकडे निमुळते होण्याऐवजी गदेसारखे जाड राहिले. एटिड्रोनेट या दुसऱ्या औषधाची मात्रा मोठी असता निराळाच प्रकार घडला. नव्या हाडात क्षारच भरेनात, आणि मुडदुशीसारखे चित्र दिसू लागले. लहान उंदराच्या नडगीत किती हाड साठले, यावरून औषधाची ताकद जोखण्याची पद्धत पुढे शेंक यांच्या नावानेच रूढ झाली. थोडक्यात, वाढत्या हाडात घडणारा हा बदल संशोधकांना पहिल्यापासून ठाऊक होता. किंबहुना तोच त्यांचा तराजू होता.

येथे एक गोष्ट ओघाने सांगावीशी वाटते. आमच्या शिरूर केंद्रापासून रांजणगावचा महागणपती जवळ, आणि दौंडहून भीमेपलीकडे सिद्धटेकचा सिद्धिविनायक. दोन्हीकडे दर्शनास जाणारे भाविक उंदराच्या कानात आपले मागणे सांगतात. औषधशास्त्रानेही आपले पुष्कळसे प्रश्न उंदरालाच विचारलेले आहेत.

उंदरांच्या या हाडांना आणखी एक साक्ष मिळाली. काही उंदरांच्या जातींत पोखरणाऱ्या पेशींचा दोष जन्मतःच असतो. त्यांची हाडे घट्ट, मज्जेची पोकळी भरलेली आणि दात हिरडीत अडकलेले असतात. मनुष्यातही असा दुर्मिळ आजार आहे. त्याला ऑस्टिओपेट्रोसिस, म्हणजे दगडी हाडांचा विकार म्हणतात. विशेष म्हणजे अशी दगडासारखी दिसणारी हाडे मजबूत नसतात. ती खडूसारखी मोडतात. निरोगी लहान उंदरांना बिस्फॉस्फोनेट भरपूर दिले असता त्यांच्या हाडात याच विकाराची छाया दिसते, आणि त्यांचे दातही उशिरा येतात. क्ष-किरण चित्रात पांढरेशुभ्र दिसणारे हाड म्हणजे चांगले हाड, हा आमचा समज यामुळे गळून पडला.

मग हाडाची लांबी खुंटते काय? पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्याचे उत्तर मात्रेवर अवलंबून आहे. उंदरांत व सशांत बेताच्या मात्रेने लांबीवर फारसा परिणाम दिसत नाही. मोठ्या मात्रेने हाडे थोडी आखूड राहतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००५ साली वाढत्या सशांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात झोलेड्रॉनिक ॲसिडच्या मोजक्या मात्रांनंतर वाढीच्या चकतीची रचना काही काळ विस्कटली आणि पुन्हा सावरली, परंतु नडगीची अखेरची लांबी किंचित कमी भरली. आमच्या डॉक्टरांनी येथे सावध केले की, उंदीर म्हणजे लहान मूल नव्हे. उंदराच्या वाढीच्या चकत्या तो वयात आल्यावरही दीर्घकाळ उघड्या राहतात, त्याचे हाड फार झपाट्याने बदलते, आणि प्रयोगातील मात्रा वजनाच्या मानाने पुष्कळदा मोठी असते. तेव्हा प्राण्यातील निष्कर्ष हा इशारा समजावा, भाकीत नव्हे.

प्राण्यांनी केवळ भीतीच दाखविली असेही नाही. जन्मतः ठिसूळ हाडांचा दोष असलेल्या उंदरांच्या पिलांना अ‍ॅलेन्ड्रोनेट दिले असता त्यांची हाडे कमी मोडली. मात्र हाड ज्या सदोष सामग्रीचे बनलेले होते, ती सामग्री सुधारली नाही. खराब विटांची भिंत अधिक जाड बांधावी, तसे ते झाले. तरीही भिंत उभी राहिली, हेही काही कमी नव्हे.

वापरातल्या हाडात रोज बारीक चिरा पडत असतात, आणि पोखरणाऱ्या पेशी चिरलेला भाग काढून टाकतात म्हणूनच दुरुस्ती होते. बीगल जातीच्या कुत्र्यांना वर्षभर मोठ्या मात्रेत ही औषधे दिली असता अशा चिरा साठत गेल्या, हे २००० साली प्रसिद्ध झाले. ते कुत्रे वाढीच्या वयातील नव्हते. परंतु वाढीचे वय आणि कष्टाचे काम ही दोन्ही जेथे एकत्र येतात, असा एक प्राणी पुणेकरांच्या चांगलाच ओळखीचा आहे, तो म्हणजे शर्यतीचा घोडा. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळी मोसमात धावणाऱ्या घोड्यांत पुरती वाढ न झालेले दोन-तीन वर्षांचे घोडेही असतात. कोवळ्या पायांवर सरावाचा भार पडतो, हाडात चिरा पडतात, आणि विश्रांती मिळाली तर शरीर त्या दुरुस्त करून हाड अधिक भक्कम करते. अमेरिकेत २०१४ साली टिल्युड्रोनेट आणि क्लोड्रोनेट ही दोन औषधे घोड्यांच्या खुरातील एका विकारासाठी मान्य झाली, ती चार वर्षे व त्यावरील घोड्यांसाठी. परंतु ही औषधे वेदनाही कमी करतात, त्यामुळे ती तरुण घोड्यांनाही दिली जाऊ लागल्याची चिंता पशुवैद्यांत निर्माण झाली. वेदना नाहीशी, दुरुस्ती बंद आणि सराव चालू, असा हा तिहेरी धोका. पुढे घोड्यांच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने साडेतीन वर्षांखालील शर्यतीच्या घोड्यास हे औषध देऊ नये असा नियम केला. लाखोंच्या किमतीच्या घोड्यासाठी जी काळजी घेतली जाते, ती आमच्या दारी आलेल्या मुलीसाठी नको काय, असे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी विचारले तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आता मुलांविषयी. १९९८ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथील फ्रान्सिस ग्लोरिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मजात ठिसूळ हाडांचा तीव्र विकार असलेल्या ३० मुलांना पामिड्रोनेट ठराविक महिन्यांच्या अंतराने दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. या विकारास ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा म्हणतात. मुलांच्या वेदना कमी झाल्या, हाडे मोडण्याचे प्रमाण घटले, काही मुले चालू लागली, आणि उंचीच्या वाढीस बाधा आली नाही. त्यानंतर हा उपचार जगभर पसरला. पुढील काळात निरनिराळ्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा हाडांची घनता वाढते हे निश्चित झाले, पण अस्थिभंग नेमके किती कमी होतात याविषयी निष्कर्ष एकसारखे आढळले नाहीत. उत्साहाच्या भरात हा भाग सांगावयाचा राहून जातो, म्हणून तो येथे मुद्दाम नमूद करीत आहोत.

दुसरी घटना २००३ सालची, अमेरिकेतील. १२ वर्षांच्या एका मुलास हाडांच्या दुखण्यासाठी पामिड्रोनेट फार मोठ्या प्रमाणात आणि दीर्घकाळ दिले गेले होते. त्याची हाडे क्ष-किरण चित्रात कमालीची पांढरी दिसू लागली, टोके गदेसारखी झाली, आणि ती मोडूही लागली. जन्मजात दगडी हाडांचा विकार औषधाने निर्माण झाला होता. तीस वर्षांपूर्वी उंदराच्या नडगीत जे दिसले होते, तेच येथे मुलाच्या गुडघ्यात दिसले. मायकेल व्हाइट व सहकाऱ्यांनी हे प्रकरण प्रसिद्ध केल्यावर मुलांसाठी मात्रेची शिस्त सर्वत्र अधिक काटेकोर झाली.

औषध एकदा हाडात बसले की वर्षानुवर्षे तेथे राहते, ही आणखी एक अडचण. सत्तरीच्या आजींच्या बाबतीत याचा फारसा विचार करावा लागत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलीला पुढे वयात यावयाचे आहे, संसार थाटावयाचा आहे. गर्भिणी उंदरांना मोठ्या मात्रेत अ‍ॅलेन्ड्रोनेट दिले असता रक्तातील कॅल्शियम उतरून प्रसूती अडल्याची नोंद औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. डेनोसुमॅब हे याच कामाचे, पण वेगळ्या कुळातील नवे इंजेक्शन. त्याच्या मोठ्या मात्रांनी किशोरवयीन माकडांच्या वाढीच्या चकत्यांत दोष आढळले, आणि मुलांत ते बंद केल्यावर रक्तातील कॅल्शियम धोकादायक रीतीने चढू शकते. नवे म्हणजे निर्धोक, असेही नाही.

आमच्या भागाच्या दृष्टीने सर्वांत निकडीची गोष्ट मात्र याहून साधी आहे. पाय वाकलेले, हाडे दुखणारे किंवा लवकर मोडणारे मूल आमच्याकडे येते, तेव्हा त्याला पुष्कळदा मुडदूस झालेला असतो. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची ही कमतरता आपल्या लख्ख उन्हाच्या प्रदेशातही सर्रास आढळते. साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडणीसाठी येणाऱ्या कुटुंबांतील मुले आम्ही पाहतो. त्यांच्या आहारात दूध क्वचितच असते. अशा मुलाच्या हाडात मुळात क्षारच कमी पडलेले असतात. त्याला आजीचे इंजेक्शन दिले तर हाडातून रक्तात येणारे कॅल्शियमही अडते, रक्तातील पातळी एकाएकी उतरते, आणि मुलाला आकडी येऊ शकते. म्हणजे ज्या मुलाला थोड्या पैशांची औषधे, ऊन आणि आहार यांनी बरे करता येते, त्यालाच महागड्या इंजेक्शनाने अपाय व्हावयाचा. प्रथम निदान, मग ड जीवनसत्त्व व कॅल्शियमची भरपाई, आणि त्यानंतरच पुढचा विचार, हा क्रम आमच्या डॉक्टरांनी का धरून ठेवला, ते येथे आम्हांस पटले.

वाढत्या हाडांविषयी आपल्या परिसरात झालेले काम पाहिले म्हणजे मन भरून येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळील सहा गावांतील गर्भवती माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास १९९३ साली सुरू केला. त्या मुलांची हाडे सहाव्या वर्षी मोजली असता असे दिसले की, गरोदरपणी ज्या मातांच्या आहारात दूध, डाळी, पालेभाज्या, फळे असे कॅल्शियमयुक्त पदार्थ अधिक वेळा होते, त्यांच्या मुलांच्या हाडांत खनिजाचे प्रमाण अधिक होते. हा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. नातीच्या हाडाची पहिली ठेव तिच्या आईच्या ताटातून पडते, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

याहून जुनी साक्ष शिरूर तालुक्यातच मिळाली आहे. घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांच्या देखरेखीखाली उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीत लहान मुलांना दोन मातीच्या कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरीत असत. त्या मुलांच्या हाडांचा व दातांचा अभ्यास डॉ. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाक्स यांनी केला. दुधाच्या सुळ्यांवरील खोलगट खुणांवरून त्या बाळांच्या वाट्याला आलेल्या हालअपेष्टांचा माग त्यांनी काढला. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ सालच्या ग्रंथात त्या वस्तीच्या उत्तरकाळातील मुलांची वाढ मागे पडल्याचे मांडले. वाढत्या वयातील हाड आणि दात असे काही विसरत नाहीत. वाढीत जे जे अडले, त्याची खूण ते जपून ठेवतात.

औषधाचीही खूण राहते. ज्या मुलांना ठराविक अंतराने पामिड्रोनेट दिले जाते, त्यांच्या क्ष-किरण चित्रात हाडाच्या टोकाजवळ आडव्या पांढऱ्या रेघा दिसतात. प्रत्येक वेळच्या औषधाची एक. त्या वेळी चकतीखाली जे पाडकाम थांबले, त्याचा तो थर. डॉक्टर त्यांना झेब्र्याचे पट्टे म्हणतात. हाड वाढत राहते, तशी जुनी रेघ चकतीपासून दूर सरकते. दोन रेघांमधील अंतर मोजले की तेवढ्या महिन्यांत हाड किती वाढले ते कळते. ज्या औषधाने वाढ खुंटेल अशी धास्ती वाटते, तेच अशा रीतीने वाढीची मोजपट्टीही ठेवून जाते.

या सर्व चर्चेनंतर वैद्यकीय समितीच्या सूचनेनुसार विश्वस्त मंडळाने जे ठरविले, ते असे. वाढीच्या वयातील कोणत्याही मुलास आमच्या शिरूर अथवा दौंड केंद्रात ही इंजेक्शने सुरू केली जाणार नाहीत. वारंवार हाड मोडणाऱ्या मुलाची रक्ततपासणी, क्ष-किरण चित्रे आणि ड जीवनसत्त्वाची भरपाई येथे होईल, आणि जन्मजात विकाराची शंका असल्यास त्यास उच्च केंद्राकडे पाठविले जाईल. केंद्र शासनाच्या २०२१ सालच्या दुर्मिळ आजारविषयक धोरणात जन्मजात ठिसूळ हाडांवरील बिस्फॉस्फोनेट उपचाराचा समावेश आहे, आणि मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्या धोरणाखालील एक मान्यताप्राप्त केंद्र आहे. आजींच्या वयाच्या रुग्णांस इंजेक्शन पूर्ववत मिळत राहील. मात्र त्यांचीही मूत्रपिंडे, कॅल्शियम आणि दात तपासल्यावाचून नाही, कारण फार वर्षे घेतल्यास जबड्याच्या व मांडीच्या हाडाच्या तक्रारी क्वचित उद्भवतात.

ज्या हितचिंतकांनी निधी देऊ केला होता, त्यांच्याकडे आम्ही काहीशा संकोचानेच गेलो. देणगी नाकारण्याची सवय कोणत्याच धर्मादाय संस्थेला नसते. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग मुंबईला जायला-यायला त्या लोकांना गाडीभाडं कोण देतं?" निधीचा एक भाग आता प्रवासखर्चासाठी, एक मुलांच्या ड जीवनसत्त्वासाठी आणि उरलेला वृद्धांच्या इंजेक्शनांसाठी वापरला जातो. खर्चाच्या तपशिलात तो तीन निरनिराळ्या शीर्षांखाली दाखविला आहे; लेखापरीक्षकांनी तसेच सुचविले.

ज्या मुलीपासून हा लेख सुरू झाला, तिच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर निळसर झाक असल्याचे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी पहिल्याच दिवशी हेरले होते. तिला उच्च केंद्राकडे पाठविण्यात आले. तेथे जन्मजात ठिसूळ हाडांचा विकार निश्चित झाला, आणि ड जीवनसत्त्व भरून काढल्यावर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मुलांसाठी ठरलेल्या मात्रेत, पामिड्रोनेट सुरू झाले. म्हणजे आजीच्या औषधाचेच भावंड अखेरीस नातीला मिळाले. पण ते निदान झाल्यावर, मोजून, आणि ज्यांना तिच्या वाढीवर लक्ष ठेवता येते त्यांच्या हातून. अलीकडे तिचे वडील मनगटाचे नवे चित्र दाखविण्यास घेऊन आले होते. त्यात दोन पांढऱ्या रेघा होत्या. आमच्या क्ष-किरण तंत्रज्ञांनी त्यांमधील अंतर पट्टीने मोजून दाखविले, तेव्हा त्यांनी ते एका कागदावर लिहून घेतले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.